थ्रॉटलचा दांडा आणि घरचा वैमानिक

गोव्यातील कितीतरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसे जहाजावर धाडली. समुद्राची ओढ त्या घरांच्या रक्तातच आहे. आता त्याच घरांतील, तसेच बेळगाव, बडोदे, इंदूर येथील आपल्या बांधवांच्या घरांतील मुलामुलींचे डोळे आकाशाकडे लागले आहेत. संगणकाच्या पडद्यावर विमान चालविण्याचा सराव देणारा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ घरोघरी येऊ लागला आहे, आणि त्याच्या पाठोपाठ “आम्हाला थ्रॉटल हवे” हा हट्टही येतो. हे थ्रॉटल म्हणजे काय, ते घरी नीट कसे बसवावे, त्यापासून काय शिकावे आणि कशाची अपेक्षा धरू नये, हे वाचकांना समजावून सांगावे एवढाच आमचा आजचा हेतू आहे. यातील शेवटचा प्रश्न केवळ खेळाचा नव्हे. त्यात एखाद्या बापाची जमीन आणि एखाद्या आईचे दागिने गुंतलेले असतात.

सिम्युलेटरचा जन्म ऑर्गनच्या कारखान्यात झाला, हे ऐकून आपल्या वाचकांना कौतुक वाटेल. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. लिंकला विमानाचे वेड. परंतु शिकवणीचा खर्च मोठा. तेव्हा ज्या भात्यांच्या हवेवर ऑर्गन वाजतो, तेच भाते व त्याच झडपा वापरून त्याने एक लहानशी लाकडी विमानपेटी तयार केली. आत बसून दांडा हलविला की भाते फुगत वा आकसत, आणि पेटी खऱ्या विमानाप्रमाणे कलत व वळत असे. हे यंत्र १९२९ साली सिद्ध झाले. आरंभी लोकांनी ते जत्रेतील करमणूक मानले. पुढे १९३४ साली अमेरिकेच्या लष्कराकडे टपालाची विमाने चालविण्याचे काम आले. धुक्यात व बर्फात केवळ उपकरणांवर नजर ठेवून उडण्याचा सराव नसल्यामुळे अनेक तरुण वैमानिक प्राणास मुकले, आणि मग लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. जे खेळणे म्हणून हिणविले गेले, त्यानेच दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी वैमानिकांचा हात तयार केला. म्हणून मुलाच्या टेबलावरील यंत्राकडे पाहून “पोरखेळ” असे म्हणण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी थोडे थांबावे.

आता थ्रॉटलकडे वळू. मोटारीत पायाखाली जे काम ॲक्सिलरेटर करतो, तेच काम विमानात हाताखालचा थ्रॉटल करतो. दांडा पुढे सारला की इंजिनाची शक्ती वाढते, मागे ओढला की कमी होते. पंख्याच्या काही विमानांत असे तीन दांडे शेजारी शेजारी असतात. काळ्या मुठीचा शक्तीसाठी, निळ्या मुठीचा पंख्याच्या फेऱ्यांसाठी आणि तांबड्या मुठीचा हवा व इंधन यांच्या मिश्रणासाठी. रंग व मुठीचे आकार मुद्दाम निराळे ठेवलेले असतात, कारण अंधारात वा घाईत चुकीच्या दांड्यावर हात पडला तर इंजिनच बंद पडू शकते.

घरगुती थ्रॉटलच्या पेटीत प्रत्येक दांड्याखाली त्याची जागा मोजणारा एक भाग असतो. स्वस्त पेटीत तो बहुधा पोटेन्शिओमीटर असतो. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखाली जे असे तेच हे. महाग पेटीत लोहचुंबकाच्या साह्याने मोजणारा हॉल सेन्सर असतो. त्यात घासणारे काही नसल्यामुळे तो अधिक काळ टिकतो.

बसविण्याची पहिली पायरी जागेची. प्रवासी विमानात मुख्य वैमानिक डाव्या आसनावर बसतो आणि त्याचा उजवा हात थ्रॉटलवर असतो. तेव्हा ज्यास त्या आसनाची सवय करावयाची आहे, त्याने थ्रॉटल उजवीकडे व सुकाणूचा दांडा समोर वा डावीकडे ठेवावा. पेटी टेबलाला शिकंज्याने घट्ट आवळावी. ती हलू लागली की हाताला बारीक अंदाज कधीच येत नाही. खुर्ची इतक्या उंचीची असावी की कोपर टेकवून दांडा शेवटापर्यंत सरकविता यावा.

दुसरी पायरी जोडणीची. तार शक्यतो संगणकालाच थेट जोडावी. एका लहान जोडपेटीवर पाच वस्तू टांगल्या की वीज अपुरी पडते आणि उड्डाणाच्या मध्यावर थ्रॉटल मुके होते. नंतर संगणकाच्या खेळ-नियंत्रकांच्या यादीत जाऊन दांडा सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनतीनदा फिरवावा. पडद्यावरील पट्टी संथपणे भरली व रिती झाली पाहिजे. यालाच कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची जुळणी, म्हणतात. तराजूचा काटा सरळ केल्यावाचून धान्य मोजू नये, तशी ही जुळणी केल्यावाचून पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी सिम्युलेटरच्या आत. तेथे दांड्याला थ्रॉटलचे काम नेमून द्यावे लागते. बहुतेक मुलांची फजिती येथेच होते. सुकाणूच्या दांड्यावरही एक लहान सरकपट्टी असते, आणि सिम्युलेटरने तिलाही आपण होऊन थ्रॉटलचे काम दिलेले असते. मग एका इंजिनाला दोन धनी होतात. एक म्हणतो पुढे, दुसरा म्हणतो मागे, आणि इंजिन विनाकारण गुरगुरते. त्या सरकपट्टीचे नेमलेले काम काढून टाकावे म्हणजे तंटा मिटतो. दांडा पुढे सारल्यावर शक्ती कमी होत असेल, तर दिशा उलट करण्याची खूण करावी. दोन इंजिनांचे विमान असेल, तर दोन्ही दांड्यांना एकच काम न देता पहिल्यास पहिले इंजिन व दुसऱ्यास दुसरे, असे वेगवेगळे नेमून द्यावे.

चौथी पायरी टोकांची. दांडा पूर्ण मागे असूनही शून्याऐवजी दोन टक्के दिसत असतील, तर त्या टोकाला थोडी निष्क्रिय जागा ठेवावी, म्हणजे मंद म्हणजे खरोखर मंदच राहील. मधल्या भागात मात्र संवेदनेची रेषा सरळच असू द्यावी. तिला बाक दिला की हात एक सांगतो व इंजिन दुसरे करते.

शेवटी परीक्षा घ्यावी. सेस्ना १७२-एस हे लहान शिकाऊ विमान धावपट्टीवर ब्रेक लावून उभे करावे. दांडा मागे असता पंख्याचे फेरे मिनिटाला सहाशे-सातशेच्या आसपास दिसावेत, आणि पूर्ण शक्ती दिल्यावर जागच्या जागी २३०० ते २४०० च्या दरम्यान. काटा थरथरत असेल तर पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ गेली असे समजावे. कोकणपट्टीच्या दमट हवेत हे फार होते. विजेच्या जोडांसाठी मिळणारा साफसफाईचा फवारा बेताने मारून दांडा अनेकदा फिरवावा, आणि एरवी पेटीवर स्वच्छ कापड घालून ठेवावे.

मोठ्या विमानांची तऱ्हा निराळी. बोइंगच्या प्रवासी विमानांत स्वयंचलित यंत्रणा शक्ती बदलते तेव्हा दांडेही आपोआप पुढेमागे सरकतात. एअरबसच्या ए-३२० मध्ये दांडे चढाईच्या खाचेत स्थिर राहतात आणि शक्ती मात्र आतल्या आत बदलत असते. घरच्या पेटीला बहुधा मोटर नसते. म्हणून बोइंग चालविताना स्वयंचलित यंत्रणा सोडविण्यापूर्वी आपला दांडा इंजिनाच्या त्या क्षणीच्या शक्तीशी जुळवून घ्यावा, आणि एअरबस चालविताना मंद, चढाई व उड्डाण या खाचा एकेक करून नेमक्या नोंदवून घ्याव्यात.

एवढ्या एका दांड्याचे एवढे कौतुक कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दोन दुःखद घटनांत आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी बेंगळुरूला उतरताना इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. १४६ जणांपैकी ९२ जण दगावले. इंजिने मंद स्थितीत राहिली होती, वेग घटत गेला होता, आणि ते ध्यानात येऊन शक्ती मागितली गेली तेव्हा वेळ हातची गेली होती. १७ जुलै २००७ रोजी ब्राझीलमध्ये साओ पाउलो येथे त्याच जातीचे विमान पावसात उतरले. नोंदयंत्राप्रमाणे एक दांडा मागे आला होता व दुसरा चढाईच्या खाचेतच राहिला होता. विमान धावपट्टी ओलांडून इमारतीवर आदळले. विमानातील व जमिनीवरील मिळून १९९ जीव गेले. दोन्ही विमानांतील वैमानिक अनुभवी होते. त्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. मृतांच्या आत्म्यांस प्रभू चिरशांती देवो. सांगावयाचे ते इतकेच की, हाताने जे केले ते डोळ्याने पडताळून पाहणे, ही सवय वैमानिकाच्या विद्येचा पाया आहे, आणि ती सवय घरच्या टेबलावरही लागू शकते. मुलाने दांडा हलविला की त्याने काटा पाहिला काय, एवढे जरी वडिलांनी अधूनमधून विचारले, तरी खेळाचे शिक्षण होईल.

आता खर्चाविषयी. थ्रॉटल नसले म्हणजे शिकता येत नाही, असे मुळीच नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये कळफलकावरील एफ-२ ने शक्ती कमी व एफ-३ ने अधिक करता येते. ‘फ्लाइटगिअर’ नावाचा सिम्युलेटर तर विनामूल्य मिळतो. सहा महिने अशा साधनांवर मुलाचे मन टिकले, त्याने नकाशे व हवामान समजून घेतले, तर मग थ्रॉटलचा विचार करावा. वस्तू आधी व गोडी मागून, असा क्रम ठेवला की पेटी माळ्यावर जाते.

त्याहून मोठी गोष्ट परवान्याची. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी खऱ्या विमानातील उड्डाणाचे तास मोजले जातात. घरच्या सिम्युलेटरवरील एकही तास त्या हिशेबात धरला जात नाही, मग थ्रॉटल कितीही महाग असो. त्या शिक्षणास लाखो रुपये लागतात. म्हणून आमचे पालकांना आग्रहाचे सांगणे आहे: शेत गहाण टाकण्यापूर्वी वा शिक्षणसंस्थेत पैसे भरण्यापूर्वी मुलाची वैद्यकीय तपासणी मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून करून घ्यावी. रंग ओळखण्यातील दोष घरात कोणाच्या लक्षातही आलेला नसतो, आणि तो तेथे आडवा येऊ शकतो. मनोरा बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला प्रभू येशूने दिला आहे. तो या बाबतीत शब्दशः लागू पडतो. आणि हा विचार मुलींनाही सारखाच लागू आहे. वैमानिक स्त्रियांचे प्रमाण जगातील पुष्कळ देशांपेक्षा आपल्या देशात अधिक आहे. तेव्हा “हे मुलांचे काम” असे म्हणून कोणा मुलीचा हात दांड्यावरून काढू नये.

घरात नियम मात्र हवा. अभ्यास झाल्यावर ठरलेला वेळ, आणि संध्याकाळच्या जपमाळेच्या वेळी विमान जमिनीवर. ज्याला उड्डाण थांबविता येत नाही, त्याला ते करताही येत नाही.

पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० साली लोरेतोच्या पवित्र मातेला वैमानिकांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. तिचा सण १० डिसेंबर रोजी येतो. नाझरेथच्या ज्या घरात प्रभू येशू वाढला, त्या घराची स्मृती लोरेतोच्या मंदिरात जतन केलेली आहे. आकाशात जाणाऱ्यांची आश्रयदाती एका साध्या घराशी जोडलेली असावी, यात आम्हाला मोठा अर्थ दिसतो. ज्या घरात मूल सावधपणा, संयम व खरेपणा शिकते, तेथूनच ते निर्धास्तपणे दूर जाऊ शकते. आपल्या धर्मग्रामातील ज्या मुलामुलींनी टेबलावर असा दांडा बसविला असेल, त्यांच्यासाठी त्या दिवशी घरच्यांनी एक प्रार्थना अवश्य करावी.