दहा, दोन, सहा

सुरतच्या उधना स्टेशनच्या फलाटावर सिस्टरना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एका बाईच्या मोबाईलमध्ये गजर लावून देत होत्या. बाकड्यावर उपरण्याने अर्धा चेहरा झाकलेला माणूस बसला होता आणि त्याच्या मांडीवर दवाखान्याच्या फायलीची पिशवी होती. भुसावळकडे जाणारी गाडी लागायची होती. "सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. दुखो न दुखो, गोळी द्यायची. चार तास म्हणजे चार तास." बाई मान डोलवत होती. सिस्टरनी तिच्याकडून वेळा पाठ म्हणवून घेतल्या, शाळेत पाढे म्हणवून घेतात तशा.

मी त्यांना विचारलं, तुमच्याबरोबर येऊ का? त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "फोटो काढायचा नाही. रडायचं नाही. आणि बसायला सांगितलं की बसायचं."

सिस्टर मूळच्या खानदेशातल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्या शनिवारी बमरोलीत पाच-सहा घरं करतात. डॉक्टर फोनवर असतात. औषध ते ठरवतात, सिस्टर घरात पोचवतात. 'सेवा' हा शब्द काढला की त्या चिडतात. "माझ्या रिकाम्या वेळेचं काम आहे," म्हणतात.

बमरोलीत बहुतेक ठिकाणी खाली माग आणि वर माणसं. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची हजारो कुटुंबं उधना, लिंबायत, पांडेसरा, बमरोली या पट्ट्यात राहतात. गल्लीत अहिराणी ऐकू येते, महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. लूमच्या कारखान्याला इथे सगळे 'खातं' म्हणतात. खात्यातली पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. पहिल्या घरी जिना चढताना कठडा हाताला थरथरत होता. मला वाटलं माझाच हात थरथरतोय.

बापूंना तोंडाचा कॅन्सर होता. तीसएक वर्षं त्यांनी शटलचे माग चालवले आणि तेवढीच वर्षं गालात तंबाखू धरली. रातपाळीत जागं राहायला तंबाखूच लागते, असं त्यांचा मुलगा म्हणाला, आणि म्हणताना त्याच्याही गालात काहीतरी होतं. सिस्टर त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. फायलीतल्या शेवटच्या कागदाचा अर्थ घरच्यांनी 'आता काही करता येणार नाही, घरी न्या' असा लावला होता. सिस्टरना या वाक्याचा मनस्वी राग आहे. "काही करता येणार नाही म्हणे! तोंड धुता येतं, वास घालवता येतो, झोप लावता येते. एवढं सगळं करता येतं."

वास. त्या खोलीबद्दल लिहायचं म्हणजे वासाबद्दल लिहावं लागेल. गालाला आरपार झालेल्या जखमेचा वास जिन्यातच भेटतो. शेजारणी येईनाशा झाल्या होत्या, नातवाला मागच्या खोलीत ठेवत होते. बापू स्वतःच भिंतीकडे तोंड करून पडायचे. सिस्टरनी मीठ घातलेलं पाणी उकळून गार करायला लावलं, गॉज भिजवून जखम हळूहळू पुसली. मग मेट्रोनिडॅझोलची गोळी दोन चमच्यांमध्ये चुरली आणि ती पूड जखमेवर भुरभुरली. जुलाबावर देतात तीच साधी, स्वस्त गोळी. वास करणारे जंतू तिने मरतात. मी टॉर्च धरला होता. पुढच्या शनिवारी जिन्यात फक्त फोडणीचा वास होता आणि नातू बापूंच्या पायाशी बसून गृहपाठ करत होता. याच बमरोलीत महापालिका रोज काही कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कापड गिरण्यांना देते. पाण्याचा वास काढायला अख्खा प्रकल्प उभा आहे. बापूंच्या गालासाठी दोन चमचे पुरले, पण ते सांगायला कोणी जिना चढून आलं नव्हतं.

सुनेचा प्रश्न वेगळा होता. "सिस्टर, शेजारचे म्हणतात, म्हाताऱ्याला अफूवर लावलं."

बापूंची दुखण्यावरची गोळी मॉर्फिनची. मॉर्फिन अफूपासूनच होतं, हे सिस्टर लपवत नाहीत. नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते. आपला देश ती बाहेरही विकतो आणि आपल्याच माणसांना मात्र ती औषध म्हणून मिळत नव्हती. 1985च्या अंमली पदार्थांच्या कायद्यापायी दवाखान्यांना इतके परवाने लागत की बहुतेकांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014मध्ये कायदा बदलला, वाट थोडी मोकळी झाली. भीती मात्र राहिली. सिस्टर सुनेला म्हणाल्या, "दुखणं मोठं असलं की गोळी दुखण्यालाच पुरते, नशेला उरत नाही. पोट साफ व्हायची गोळी मात्र बरोबर द्यायचीच. आणि चार तास म्हणजे चार तास."

या चार तासांमागे एक इंग्रज बाई आहे. सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. वेदनेने ओरडल्यावर औषध देण्यापेक्षा ती परत यायच्या आत, घड्याळ लावून द्यावं, हा आग्रह त्यांनी धरला आणि 1967मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारलं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986चं, देशातलं पहिलं. केरळात कोझिकोडला 1993मध्ये हेच काम सुरू झालं आणि पुढे गल्लीगल्लीतले शेजारीच शिकून रुग्णांच्या घरी जाऊ लागले. बमरोलीत एक सिस्टर आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात.

घड्याळाचं गणित घरात असं बसवलं होतं. मुलाची पाळी सकाळी सात ते संध्याकाळी सात. सहाची गोळी तो कामावर जाण्याआधी देई. दहा, दोन, सहा सुनेकडे. रात्री दहाला दुप्पट, म्हणजे दोन वाजता कोणाला उठायला नको. म्हणजे मधला सगळा दिवस सुनेचा. ती दारात बसून साड्यांचे धागे कापते, नगावर पैसे मिळतात. दर गोळीला कात्री ठेवायची, हात धुवायचे, गोळी पाण्यात विरघळवून नळीतून सोडायची. मला तर हीच खरी सिस्टर वाटली. पण तिला तसं म्हणणाराही मी शनिवारचा पाहुणा.

माझं काम बसण्याचं. पहिल्या दिवशी मी बोलत सुटलो. सिस्टरनी डोळ्यांनी दटावलं. दुसऱ्या शनिवारपासून मी गप्प बसू लागलो आणि तेव्हाच ते दिसलं. बापू डोळे मिटून पडलेले असत आणि मधूनच उजव्या हाताचं एक बोट वर करत. मला वाटलं पाणी हवंय. सून हसली. "माग बंद पडला म्हणतात ते. ताणा तुटला असेल." मी कान दिला. खालून एकसारखी खटखट, मला काही फरक कळेना. थोड्या वेळाने बोट खाली आलं. धागा जोडला गेला होता. आता मीही बोटाकडे बघत बसू लागलो. एका शनिवारी तासाभरात पाच वेळा वर गेलं. "सूत हलकं असेल," मुलगा म्हणाला, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. बापूंनी मान हलवली. नाही. मग हवेत हात फिरवून काहीतरी दाखवलं. मुलगा खाली गेला, आला. "नवीन पोरगा आहे मागावर." बापूंच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा तुच्छता पाहिली. मला फार बरं वाटलं.

"दुखस का, बापू?" सिस्टर दरवेळी विचारत.

दहापैकी किती ते बापू बोटांनी दाखवत. आधी आठ. मग सहा. डॉक्टरांनी फोनवर गोळी वाढवली, मग तीन. तीनवर बापू खुश होते.

ते गेले त्यानंतरच्या शनिवारीही आम्ही गेलो. भिंतीला टेकवलेली खाट, दारात साड्यांचा गठ्ठा. सिस्टरनी उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजल्या, चौदा. वहीत लिहिल्या, सुनेची सही घेतली आणि त्या परत न्यायला पिशवीत ठेवल्या.

"आता तुम्ही येणार नाहीत ना, सिस्टर?"

"का नाही? आण तुझी दुसरी कात्री."

आम्ही तिघं दारात बसलो. माझ्या हातून एका साडीची किनार कापली गेली, ती सुनेने काही न बोलता गठ्ठ्याच्या तळाशी सारली. दोन वाजेपर्यंत अकरा साड्या झाल्या.