मठाच्या अंगणात ओकची शिल्पं

शिल्पकला आवडत असेल, तर स्लोव्हेनियातलं हे ठिकाण माहीत हवंच! क्र्का नदीच्या वळणात बेटावर वसलेलं कोस्तान्येवित्सा हे चिमुकलं गाव. त्याच्या शेजारी 1234 मध्ये सिस्टर्शियन पंथाचा मठ उभा राहिला. 1786 मध्ये सम्राट दुसरा जोसेफ याने तो बंद केला. पुढे दुसऱ्या महायुद्धात आगीने इमारतीची दैना झाली, मग अनेक वर्षं डागडुजी चालली.

1961 पासून इथे ‘फॉर्मा विवा’ हे शिल्पकारांचं शिबिर भरतं. देशोदेशीचे शिल्पकार येतात, इथेच राहून ओकच्या अजस्र ओंडक्यांतून शिल्पं घडवतात आणि ती मठाभोवतीच्या हिरवळीवर कायमची ठेवून जातात. याच उपक्रमात पोर्तोरोझजवळ दगडात, तर राव्ने इथे पोलादात काम होतं.

ओकच्या गाभ्यात टॅनिन भरपूर, म्हणून तो उघड्यावरही बराच टिकतो. तरी ऊनपावसाने लाकूड राखाडी पडतं, उभ्या भेगा जातात. छिन्नीच्या खुणा आणि या भेगा शेजारी शेजारी पाहण्यातच खरी मजा आहे.

मठाच्या आत 1974 पासून चित्रकार बोझिदार याकत्स यांच्या नावाचं कलादालन आहे. मठाच्या जुन्या चर्चमध्येही प्रदर्शनं भरतात. स्लोव्हेनियाला गेलात, तर अर्धा दिवस इथे नक्की काढा!

#शिल्पकला #स्लोव्हेनिया