भुंकणे थांबवता येते, पण ओरडून नाही



मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आली. "सर, आमच्या ब्रूनोला बाबा रविवारी बायपासवर सोडून येणार आहेत." चौकशी केली तेव्हा कळले की ब्रूनो दिवसभर भुंकतो, शेजारच्या मुलाची दहावीची परीक्षा आहे आणि त्याची आई दोनदा तक्रार करून गेली. त्यांचेही काही चुकले नव्हते. मी मुलीच्या बाबांना बोलावले आणि चार आठवड्यांची मुदत मागितली. पाळलेल्या जनावराची उपासमार होईल अशा ठिकाणी त्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हेही सांगितले. मग जे बोलणे झाले, ते सर्वांच्या उपयोगाचे आहे म्हणून इथे देत आहे.

कुत्रा का भुंकतो?

भुंकणे ही कुत्र्याची बोली आहे, ती पूर्ण बंद होणार नाही आणि व्हायलाही नको. फक्त ती अति का होते हे शोधायचे. आठवडाभर एका वहीत लिहा: किती वाजता भुंकला, समोर काय होते, किती वेळ चालले. बहुतेक वेळा चारांपैकी एक कारण निघते. फाटकाशी कोणी आले म्हणून, काही हवे आहे म्हणून, एकटेपणाचा कंटाळा म्हणून किंवा भीती वाटली म्हणून. म्हातारा कुत्रा अचानक जास्त भुंकू लागला, तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. दुखणे किंवा कमी ऐकू येणे हेही कारण असू शकते.

आपण कुठे चुकतो?

आमच्या घरी बारा वर्षे मोती होता. तो भुंकला की मी माडीवरून "चुप!" म्हणून ओरडायचो. मोतीला वाटत असणार, मालकही आपल्याबरोबर भुंकतो आहे! तो आणखी जोर लावायचा. त्यात आई "गप" म्हणायची, मी "चुप" आणि मुले "शट अप". बिचाऱ्याने कोणती भाषा शिकायची?

दुसरी गोष्ट पोस्टमनची. पोस्टमन येतो, कुत्रा भुंकतो, पोस्टमन टपाल टाकून निघून जातो. तो जाणारच होता, पण कुत्र्याला वाटते, मीच पळवला. रोज असे घडले की सवय पक्की होते. आपल्या इंदूरच्या कचरागाडीचेही तसेच.

काय करावे?

१) कारण कमी करा. फाटकाच्या जाळीला आतून कापड लावा. सकाळ-संध्याकाळ फिरवून आणा. दिवसभर गच्चीवर बांधून ठेवलेला कुत्रा भुंकणार नाही तर काय करील?

२) घरात एकच शब्द ठरवा, समजा "शांत". दाराची घंटी वाजली की दोन-तीनदा भुंकू द्या. मग पनीरचा किंवा उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा नाकाजवळ धरा. वास घेताना तो गप्प होतो. त्याच क्षणी हळू आवाजात "शांत" म्हणा आणि तुकडा द्या. आधी दोन सेकंदांच्या शांततेला, मग पाच, दहा, तीस. बक्षीस शांततेला मिळते हे त्याला कळले पाहिजे. चॉकलेट, मनुका आणि कांदा मात्र देऊ नका. ते कुत्र्यांना विषारी असतात.

३) पोळीसाठी भुंकत असेल तर तिकडे पाहूही नका, गप्प झाला की द्या. सुरुवातीला भुंकणे वाढेल. इथेच बहुतेक लोक हार मानतात. पाचव्या दिवशी कंटाळून पोळी दिलीत, तर तो एवढेच शिकेल की जास्त वेळ भुंकावे लागते.

४) फटाक्यांना भिणाऱ्या कुत्र्याला दिवाळीच्या काही आठवडे आधीपासून फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू ऐकवा आणि सोबत खाऊ द्या. तो निवांत असेल तरच आवाज थोडा वाढवा. दिवाळीत त्याला आतल्या खोलीत, माणसांजवळ ठेवा. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही.

मारणे, विजेचा झटका देणारा पट्टा लावणे, तोंड बांधून ठेवणे हे करूच नये. कुत्रा तोंड उघडून धापा टाकत अंग थंड करतो. तोंड बांधले तर उन्हाळ्यात जीवावर बेतू शकते. शिवाय भीतीने गप्प झालेला कुत्रा पुढे न भुंकता चावू शकतो.

आता ब्रूनोबद्दल. सरावासाठी पुन्हा पुन्हा घंटी वाजवणारे कोणी तरी हवे होते. मुलीने हिंमत करून शेजारच्या त्या दादालाच विचारले. अभ्यासातून उठून तो रोज संध्याकाळी दहा मिनिटे येऊ लागला. चार आठवडे झाले आहेत. ब्रूनो अजून भुंकतो, पण दोन-तीनदा, आणि मग मुलीच्या तोंडाकडे बघत बसतो. दुपारी घरी कोणी नसते तेव्हाचे भुंकणे अजून पूर्ण गेलेले नाही, त्यावर काम चालू आहे. बाबांनी बायपासचे नाव काढलेले नाही.

मुलांनो, तुमच्या घरी कुत्रा असेल तर आजपासून वही घाला. आणि शेजारी असेल, तर तक्रारीच्या आधी एकदा घंटी वाजवायला जाऊन बघा.

- मुख्याध्यापक