जुना खेळ, नवा संगणक : शर्यतीच्या आर्केड खेळांच्या पुनर्चालनाचा विचार

बीजसंज्ञा : आर्केड, एम्युलेटर, प्रोसेसर, कालगती, डिजिटल जतन, कॉपीराइट

प्रस्तावना

वाशीम येथे सापडलेला वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्ती याचा ताम्रपट सुमारे सोळाशे वर्षांनंतरही अभ्यासकांना वाचता आला. तो कोरणारे हात, ती छिन्नी, ते राज्य, यांपैकी काहीच उरले नव्हते. संस्कृत व प्राकृत जाणणारा आणि लिपी ओळखणारा विद्वान तेवढा पुरेसा होता. संगणकीय कृतीचे मात्र तसे नाही. केवळ चार दशकांपूर्वीचा एखादा खेळ त्याच्या आज्ञावलीचा प्रत्येक अंक शाबूत असूनही आजच्या संगणकावर चालत नाही, कारण तो भाषेत जितका लिहिलेला असतो तितकाच एका विशिष्ट यंत्रात लिहिलेला असतो. ही अडचण नेमकी कोठे उद्भवते आणि ती कशी सोडविली जाते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात शर्यतीच्या आर्केड खेळांच्या आधारे केले आहे. विषय करमणुकीचा वाटेल, परंतु महाविद्यालयांच्या कपाटांत पडून असलेल्या जुन्या फ्लॉपी व सीडींशी त्याचा जवळचा संबंध आहे.

यंत्रात गुंतलेली कृती

उदाहरणासाठी जपानमधील सेगा कंपनीचा ‘आउट रन’ हा १९८६ चा खेळ घ्यावा. यू सुझुकी यांनी रचलेल्या या खेळात लाल रंगाची उघडी मोटार समुद्रकिनाऱ्याने धावते. रस्त्याला वेळोवेळी फाटे फुटतात. एकूण पंधरा टप्प्यांपैकी पाच पार केले की एक फेरी पूर्ण होते. नाणे टाकून खेळावयाच्या त्या पेटीत मोटोरोला ६८००० जातीचे दोन प्रोसेसर होते व प्रत्येकाची गती १२.५ मेगाहर्ट्झ होती. ध्वनीसाठी झेड ८० हा तिसरा प्रोसेसर आणि यामाहा कंपनीची संगीतनिर्मितीची चिप होती. आजचा साधा लॅपटॉप ३ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे स्पंदनांच्या नुसत्या मोजणीतच तो त्या प्रोसेसरच्या सुमारे २४० पट वेगवान आहे. असे असताना तो हा खेळ सरळ का चालवू शकत नाही?

पहिले कारण उघड आहे. ६८००० ची आज्ञाभाषा आणि आजच्या प्रोसेसरांची आज्ञाभाषा भिन्न आहेत. दुसरे कारण अधिक खोल आहे. आउट रनच्या पडद्यावर खरे त्रिमितीय असे काहीच नसते. झाडे, फलक, इतर वाहने ही सपाट चित्रे असून ती लहानाची मोठी करून जवळ येत असल्याचा भास निर्माण केला जातो. रस्ता तर पडद्यावरील एकेका आडव्या ओळीने आखला जातो. चित्रे मोठी करण्याचे व रस्ता आखण्याचे काम प्रोसेसर करीत नाही. त्यासाठी सेगाने स्वतंत्र मंडले बनविली होती. खेळाची आज्ञावली त्या मंडलांना केवळ सूचना देते. मंडलच नसेल तर सूचना पोकळीत जाते.

तिसरे कारण काळाचे, आणि शर्यतीच्या खेळात तेच सर्वांत महत्त्वाचे होय. बुद्धिबळाचा खेळ दुप्पट वेगाने चालला तर संगणकाची खेळी लवकर येते, एवढेच. शर्यतीचा खेळ दुप्पट वेगाने चालला तर तो खेळच राहत नाही. वळण केव्हा येते, ब्रेक किती आधी लावावा, घड्याळातील सेकंद किती उरले, हाच त्याचा आशय आहे. म्हणून अशा खेळाच्या पुनर्चालनाची कसोटी चित्र दिसण्यात नसून कालगती जुळण्यात आहे.

घरगुती संगणकांवर या चुकीचे दर्शन वारंवार घडले आहे. आयबीएमचा १९८१ चा पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चाले. त्या काळच्या काही खेळांत गती राखण्यासाठी रिकाम्या आवर्तनांचा आधार घेतलेला असे : अमुक वेळा काहीच न करता फिरावे, मग पुढील चित्र दाखवावे. प्रोसेसर वेगवान झाला की ही आवर्तने क्षणात संपत आणि गाडी डोळ्यांना दिसण्यापूर्वीच आदळे. पुढे आलेल्या अनेक संगणकांच्या दर्शनी भागावर ‘टर्बो’ नावाची कळ असे. नाव वेगाचे असले तरी तिचा खरा उपयोग यंत्र मंद करण्यासाठी होता. टर्बो पास्कल शिकविलेल्या प्राध्यापकांना याच जातीचा दुसरा दोष आठवत असेल. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढील संगणकांवर तेथील कित्येक आज्ञावली सुरू होताच २०० क्रमांकाची त्रुटी दाखवून बंद पडत. विलंब मोजण्यासाठी केलेला भागाकार वेगवान यंत्रावर इतका मोठा येई, की तो ठरलेल्या जागेत मावत नसे.

एम्युलेटरचे कार्य

यावरील सर्वमान्य उपाय म्हणजे जुन्या यंत्राचे वर्तन नव्या यंत्रावर सॉफ्टवेअरद्वारे घडविणे. अशा सॉफ्टवेअरला एम्युलेटर म्हणतात. तो जुन्या आज्ञावलीतील एक आज्ञा उचलतो, तिचा अर्थ लावतो, तोच परिणाम नव्या यंत्रावर घडवितो आणि मूळ प्रोसेसरला त्या आज्ञेसाठी किती स्पंदने लागली असती याची नोंद ठेवतो. ही शेवटची पायरीच निर्णायक आहे. आउट रनमधील दोन्ही प्रोसेसर एकमेकांशी बोलत असल्याने एक पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला तर हिशेब चुकतो. म्हणून एम्युलेटर त्यांना थोडे थोडे, आळीपाळीने पुढे नेतो. रस्ता आखणाऱ्या मंडलाचे काम गणिताने करतो. आणि पडद्याचे एक चित्र तयार झाले की सेकंदाचा साठावा भाग भरेपर्यंत थांबतो. नव्या संगणकाची अफाट शक्ती अशा रीतीने बव्हंशी वाट पाहण्यात खर्च होते!

आर्केड खेळांसाठीचा ‘मेम’ हा एम्युलेटर निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रथम प्रसृत केला. २०१६ पासून तो मुक्तस्रोत परवान्याखाली उपलब्ध आहे. जुन्या यंत्रांचे वर्तन लेखी स्वरूपात नोंदविणे हा त्याच्या कर्त्यांचा घोषित हेतू असून खेळता येणे हा त्यांच्या मते अनुषंगिक लाभ आहे. ही भूमिका संशोधकास मान्य व्हावी अशीच आहे. मेमची मूळ आज्ञावली वाचणे म्हणजे लुप्त झालेल्या मंडलांचे टिपण वाचणे होय. डॉस प्रणालीच्या खेळांसाठी ‘डॉसबॉक्स’ २००२ पासून हेच काम करीत आहे. त्यात प्रोसेसरची गती वापरणाऱ्यास हाताने कमीअधिक करता येते.

दुसरा मार्ग पुनर्रचनेचा. ख्रिस व्हाइट यांनी आउट रनची यांत्रिक आज्ञावली उलगडून तिचे तर्कशास्त्र सी प्लस प्लस भाषेत नव्याने लिहिले. ‘कॅननबॉल’ या नावाच्या त्या सॉफ्टवेअरला चित्रे व ध्वनी मात्र मूळ खेळाच्या चिपमधूनच पुरवावे लागतात. यात रुंद पडदा मिळतो, हालचाल अधिक सलग होते, मूळचे काही दोषही दुरुस्त झाले आहेत. तथापि दुरुस्त केलेली प्रत ही पाठचिकित्सेच्या दृष्टीने संपादित आवृत्ती ठरते, मूळ हस्तलिखित नव्हे. अध्यापनासाठी कॅननबॉल अधिक उपयुक्त आहे. पुरावा म्हणून मेम.

एक उणीव कोणत्याही मार्गाने पूर्णतः भरून येत नाही. मूळ पेटीत चक्र, दोन पायपट्ट्या आणि गिअरचा दांडा होता. चक्र किती अंशांनी वळले हे यंत्राला कळे. कळफलकावरील बाणाला मात्र ‘दाबलेला’ आणि ‘न दाबलेला’ एवढेच ठाऊक असते. संगणकाला जोडण्याचे चक्र विकत मिळते, पण जुन्या काचनळीच्या पडद्याऐवजी सपाट पडदा आल्याने हाताची हालचाल आणि चित्रातील बदल यांत सूक्ष्म विलंब राहू शकतो. ताशी शेकडो किलोमीटरच्या काल्पनिक वेगात तो जाणवतो.

विंडोजचे खेळ आणि कायदा

विदर्भातील तालुक्याच्या गावी आर्केडच्या पेट्या दुर्मीळच. येथील पिढीला शर्यतीची ओळख झाली ती सायबर कॅफे आणि संगणक प्रशिक्षण केंद्रांमधून, विशेषतः ‘रोड रॅश’च्या १९९६ च्या विंडोज आवृत्तीमुळे. अशा खेळांचा प्रश्न निराळा आहे. त्यांची आज्ञाभाषा आजच्या प्रोसेसरला कळते, परंतु भोवतालची प्रणाली बदलली. त्या काळच्या अनेक खेळांची स्थापना करणारी फाइल १६ बिटची असे आणि ६४ बिटची विंडोज ती चालवीतच नाही. कित्येक खेळ २५६ रंगांच्या पडद्याची मागणी करतात. सीडीवरील ‘सेफडिस्क’ या कुलपाचा आधार विंडोज १० ने २०१५ मध्ये काढून टाकला, त्यामुळे रीतसर विकत घेतलेली सीडीही निरुपयोगी ठरली. थ्रीडीएफएक्स कंपनीच्या चित्रकार्डासाठी लिहिलेल्या खेळांना ते कार्डच मिळत नाही. येथे जुन्या मागण्या नव्या प्रणालीच्या भाषेत सांगणारा दुभाषी थर लावावा लागतो.

कंपन्यांनी स्वतः काढलेल्या नव्या आवृत्तींवर विसंबणेही पुरेसे नाही. ‘आउट रन ऑनलाइन आर्केड’ २००९ मध्ये आला आणि फेरारीच्या मोटारींचा परवाना संपल्यावर विक्रीतून गेला.

भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये संगणक आज्ञावली ही साहित्यकृती मानली आहे. कलम ५२ नुसार आज्ञावलीची वैध प्रत बाळगणाऱ्यास ती ज्या हेतूने दिली गेली त्यासाठी वापरता यावी म्हणून, तसेच नाश वा हानीपासून तात्पुरत्या संरक्षणासाठी, प्रत काढता येते. तिचे कार्य तपासून त्यामागील तत्त्वे अभ्यासता येतात. म्हणजे एम्युलेटरचा अभ्यास निषिद्ध नाही. कोठून तरी उतरविलेली खेळाची प्रत मात्र या सवलतीत बसत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवणीची मुभा दिली, पण त्या कृतीची अ-डिजिटल प्रत ग्रंथालयाजवळ असेल तरच. जी कृती जन्मतःच डिजिटल आहे तिची अशी प्रत कोठून आणावी, याचे उत्तर त्या तरतुदीत नाही. ही विसंगती विधी शाखेच्या अभ्यासकांनी मांडावयास हवी.

कपाटातील प्रश्न

मराठीपुरते पाहता याच कुळातील उदाहरण पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचे, म्हणजे सी-डॅकचे, आहे. तेथील जिस्ट कार्ड डॉसच्या संगणकात बसविले की पडद्यावर देवनागरी उमटे. आउट रनच्या रस्त्याप्रमाणे ही अक्षरेही स्वतंत्र मंडलाच्या आधारे उभी राहत. ते कार्ड ज्या खाचेत बसे ती खाच आजच्या संगणकांत नाही. सुदैवाने त्यामागील इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली असल्याने त्या पद्धतीने साठविलेला मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. फॉन्टवर आधारलेल्या मजकुराची स्थिती अधिक वाईट आहे, कारण तेथे प्रत्येक फॉन्टगणिक अक्षरांचे स्थान वेगळे. काही सॉफ्टवेअरना तर प्रिंटरच्या पोर्टला लावावयाचे कुलूप लागे, आणि ते पोर्टही आता दिसत नाही.

जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तो काळ नेमका याच फॉन्टांचा होता. त्या वर्षांतील विभागीय अहवाल, प्रश्नपत्रिका, लोकगीतांची संकलने, टंकलिखित प्रबंध ज्या सीडींवर असतील, त्यांची प्रतिमा-फाइल संगणकशास्त्र विभागाने सर्वप्रथम काढावी. मूळ फॉन्टची फाइल, सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती तिच्यासोबतच नोंदवावी. मजकुराचे रूपांतर नंतर, सवडीने करता येईल. खेळांच्या जतनकर्त्यांनीही हाच क्रम पाळला. त्यांनी आधी चिपमधील मजकूर जसाच्या तसा उतरवून ठेवला. १९८० च्या दशकातील सेगाच्या काही खेळांत उलगड्याची किल्ली बॅटरीवर तग धरणाऱ्या स्मृतीत होती, आणि बॅटरी संपताच ते खेळ कायमचे मुके होत.