एसी कमी पडतो म्हणजे बिघडला असे नव्हे

परभणी, मानवत, पाथरी, जिंतूर या भागात मे महिन्यात पारा ४३-४४ च्या वर गेला की एसी असलेल्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते. मशीन चालू आहे, बिल वाढते आहे, खोली मात्र थंड होत नाही. मेकॅनिक येतो, 'गॅस कमी झाला' म्हणतो, भरून पैसे घेऊन जातो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. आम्हीही ओळीने तीन उन्हाळे असेच पैसे मोजले. कापडाच्या धंद्यात वितावितांचा हिशेब ठेवणारे आम्ही, येथे मात्र काही विचारलेच नाही. वरच्या मजल्यावर आमच्या अम्मी राहतात, वय ८० च्या पुढे. त्यांना त्रास होऊ नये एवढेच डोक्यात होते.

चौथ्या वर्षी दीड टनाच्या जागी दोन टनाची नवी मशीन घेण्याचे ठरत होते. आमचा भाचा दम्मामला एसीचेच काम करतो. त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मामू, गॅस म्हणजे स्कूटरचे पेट्रोल नव्हे. तो बंद नळीत फिरत राहतो, संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे. आधी गळती दाखव म्हणा, मग भर म्हणा."

दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती अधिक महत्त्वाची. एसी थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आपल्याकडे मशीनवर जी क्षमता लिहिलेली असते ती बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. बाहेरची हवाच ४४ अंशांची झाली की उष्णता टाकायला जागा कमी, म्हणून तीच मशीन वीज जास्त खाते आणि काम कमी देते. आखाती देशांत याच कारणाने ४६ अंशांवरही मोजणी करतात, त्याला 'टी-३' म्हणतात. म्हणजे भर दुपारी आपला दीड टन हा पुरा दीड टन राहतच नाही. (एक टन म्हणजे एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो तेवढी.)

मग दोष मशीनचा की खोलीचा, हे कसे ओळखावे? साधा डिजिटल थर्मामीटर आणावा. मशीन अर्धा तास पूर्ण जोरात चालल्यावर आत शिरणाऱ्या हवेचे तापमान पाहावे, मग जाळीतून बाहेर येणाऱ्या हवेचे. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर मशीन आपले काम करते आहे. फरक फार कमी असेल तर आधी फिल्टर धुवावा. तरीही सुधारणा नसेल किंवा आतल्या नळीवर बर्फ धरत असेल तर मेकॅनिकला बोलवावे. सांध्यावर तेलाचा डाग दिसतो का, साबणाच्या पाण्याने बुडबुडे येतात का, हे त्याने आपल्या समोर दाखवावे.

आमच्याकडे फरक १० अंशांचा निघाला. मशीन निर्दोष होती. दोष आमच्या घरात होते, आणि एक तर आमच्याच हातचा होता. बाहेरचे युनिट बंद गॅलरीत होते आणि त्याच्यापुढे आम्ही कापडाच्या गाठी रचल्या होत्या. त्यातून निघालेली गरम हवा गॅलरीतच कोंडून तीच पुन्हा आत खेचली जात होती. असे झाले की कॉम्प्रेसर तापून मधूनच बंद पडतो आणि आतून नुसता पंख्याचा वारा येतो. लोक त्यालाच 'गॅस गेला' समजतात. गाठी हलवल्या, मेन स्विच बंद करून युनिटच्या जाळीत अडकलेली धूळ आणि कापसाची रुई पाण्याच्या साध्या धारेने धुतली. आमच्या भागात ही रुई फार.

दुसरा दोष स्लॅबचा. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळनंतर उष्णता खाली सोडतो, म्हणून अम्मींना रात्री अकरालाही चैन पडत नसे. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताट्या लावल्या. पडदा आतून लावण्यापेक्षा ऊन बाहेरच अडवलेले बरे. जुन्या माळवदाच्या घरात ही भानगडच नव्हती, जाड मातीचे छत ऊन पिऊन बसायचे.

तिसरे, एसीच्या जोडीला आम्ही त्याच खोलीत कूलरही चालवत होतो. कूलर हवेत पाणी मिसळतो आणि एसीला तेच पाणी पुन्हा बाहेर काढावे लागते. दोन नोकर एकमेकांचे काम बिघडवतात, तसा प्रकार. दोन्हींपैकी एकच चालवावा.

विजेचेही पाहावे. २३० व्होल्टच्या जागी दुपारी १८० मिळत असतील तर कॉम्प्रेसर धडपडतो. स्टॅबिलायझर किती कमी व्होल्टपर्यंत सांभाळतो ते त्यावर वाचावे. प्लग हाताला गरम लागत असेल तर वायर पातळ आहे किंवा सांधा सैल आहे, ते काम वायरमनकडूनच करून घ्यावे. नव्या मशीनमधला आर-३२ वायू पेट घेऊ शकतो, म्हणून नळ्यांशी स्वतः खेळू नये.

आणि १६ वर लावल्याने खोली लवकर थंड होत नाही. २०२० पासून स्टार लेबलच्या एसीत सुरुवातीचे तापमान २४ ठेवण्याचा नियम आहे. आम्ही २६ वर ठेवून पंखा हळू चालवतो, अम्मींना तेवढे पुरते.

दोन टनाची मशीन घेण्याची गरज पडली नाही. ज्यांना नवी घ्यायचीच आहे त्यांनी दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा. '५२ अंशांवर चालते' असे जाहिरातीत असते, पण चालणे वेगळे आणि पूर्ण थंडावा देणे वेगळे. ४६ अंशांवर ही मशीन किती थंडावा देते, तो आकडा कंपनीच्या छापील तक्त्यात दाखवायला सांगावे.