हौस, हक्क आणि परवाना

६ ऑगस्ट २०१६ रोजी अर्जेंटिनातील एका तरुणाने, सुमारे दहा वर्षे खपून तयार केलेला व्हिडिओ गेम लोकांपुढे विनामूल्य ठेवला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘मेट्रॉइड २’ हा १९९१ मधील खेळ त्याने नव्या रूपात उभा केला होता. काही दिवसांतच कंपनीच्या नोटिसा निघाल्या आणि पुढील महिन्यात त्याला काम थांबवावे लागले. २०१७ मध्ये कंपनीने त्याच खेळाची स्वतःची नवी आवृत्ती बाजारात आणली.

लोकांची सहानुभूती तरुणाकडे गेली. कायदा मात्र कंपनीकडे होता. मूळ कृतीवरून नवी कृती रचण्याचा अधिकार मूळ हक्कदाराचाच असतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेही रूपांतराचा हक्क असाच राखून ठेवला आहे. ‘आम्ही पैसे घेतले नाहीत’ हा बचाव सात्त्विक खरा, पण पुरेसा नव्हे. फुकट वाटलेली वस्तूही मालकाच्या विक्रीस मारक ठरू शकते.

तथापि, ‘आज दुर्लक्ष केले तर उद्या हक्कच बुडेल’ हा कंपन्यांच्या वतीने केला जाणारा युक्तिवाद अर्धसत्य आहे. व्यापारचिन्हाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. कॉपीराइट मात्र केवळ मौन पाळल्याने नष्ट होत नाही. शिवाय नोटीस आणि मौन यांखेरीज तिसरा मार्गही आहे. तो म्हणजे परवाना.

हा मार्ग मराठी माणसाला अपरिचित नाही. गावोगावच्या हौशी नाट्यमंडळी प्रयोगापूर्वी नाटककाराला पत्र लिहितात, मानधन पाठवतात आणि परवानगी घेऊन पडदा उघडतात. परवानगी घेणे आवश्यक आहे, ही सूचना नाटकाच्या पुस्तकातच छापलेली असते. त्यामुळे नाटककाराचा मान राहतो आणि मंडळींचा उत्साहही.

व्हिडिओ गेमच्या व्यवसायातही असे घडले आहे. अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘हाफ-लाइफ’ या १९९८ मधील खेळाची ‘ब्लॅक मेसा’ ही नवी आवृत्ती चाहत्यांनी २०१२ मध्ये विनामूल्य दिली. कंपनीने तिच्या विक्रीस संमती दिली आणि २०२० मध्ये ती पूर्णत्वास गेली. जपानच्या सेगा कंपनीने तर ‘सॉनिक’चे हौशी खेळ रचणाऱ्यांनाच काम दिले. त्यांतून निघालेल्या ‘सॉनिक मेनिया’चे २०१७ मध्ये मोठे स्वागत झाले. या दोन्ही कंपन्यांचे हक्क अबाधितच राहिले.

म्हणून कंपन्यांनी आपल्या अटी आधीच लेखी जाहीर कराव्यात: कोणती पात्रे वापरता येतील, पैसे घेता येतील काय, मूळ मालकाचा उल्लेख कसा करावा. दहा वर्षांच्या श्रमानंतर येणाऱ्या नोटिशीपेक्षा पहिल्या दिवशी मिळालेला स्पष्ट नकारही अधिक दयाळू ठरेल. हौशी मंडळींचेही कर्तव्य आहे. काम हाती घेण्यापूर्वी परवानगी मागावी. ती न मिळाल्यास आपली कला स्वतःच्या पात्रांवर खर्च करावी.

अर्जेंटिनातील त्या तरुणाला पुढे दुसऱ्या एका खेळनिर्मात्या संस्थेने आपल्याकडे घेतले. त्याच्या गुणांचे चीज झाले. पण ज्या खेळावर त्याने जीव लावला होता, त्याच्या मालकाकडून मात्र नव्हे. कायद्याने मालकाच्या हाती कुलूप दिले आहे, आणि किल्लीही त्याच्याच हाती दिली आहे, याचा विसर पडता कामा नये.