उधारी कोर्टात गेली, तर तुमच्या फाइलमध्ये काय निघेल?

वसुलीचा विषय निघाला की बरेच दुकानदार छातीठोकपणे सांगतात, "बिलं आहेत ना माझ्याकडे!" पण बिल तर तुम्हीच छापलंय. त्यावर समोरच्याची सही आहे का?

समजा, एका हॉटेलवाल्याला तुम्ही दोन लाखांचा किराणा उधारीवर दिला. पैसे येईनात म्हणून दिवाणी दावा लावला. समोरचा वकील उलटतपासणीत विचारणारच, "माल पोचला कशावरून?" तिथे कामाला येतं ते डिलिव्हरी चलन. टेम्पोवाल्याला घाई असते, हॉटेलातला पोरगा "मालक नाहीत" म्हणतो आणि चलन कोरंच परत येतं. असं चालवून घेऊ नका. सहीखाली नाव आणि तारीख वाचता येईल अशी लिहून घ्या. नुसता फराटा दोन वर्षांनी कोण ओळखणार?

खातेवहीतल्या, अगदी टॅलीतल्या नोंदीही पुराव्यात चालतात. पण भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २८ स्पष्ट सांगतं की केवळ त्या नोंदींवर कुणाला देणेकरी ठरवता येत नाही. जोडीला दुसरा पुरावा हवा.

"शेठ, पुढच्या आठवड्यात देतो" हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज सोन्यासारखा आहे, पण स्क्रीनशॉटची नुसती प्रिंट पुरत नाही. सोबत कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासूनच्या नमुन्यात त्याचे दोन भाग आहेत: एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा, लिहावी लागते. जुन्या कायद्यात हेच काम ६५ब करायचं. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ते प्रमाणपत्र बंधनकारक ठरवलं. मूळ उपकरणच कोर्टात हजर करून मालकाने साक्ष दिली, तर मात्र त्याची गरज नाही, असंही सांगितलं. म्हणून नवीन फोन घेतलात तरी जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका.

कागद दाव्यासोबतच यादी करून दाखल करा. मागाहून द्यायचा तर कोर्टाची परवानगी काढावी लागते. अस्सल प्रती जपून ठेवा, साक्षीच्या वेळी त्या लागतात. सरतपासणीच्या शपथपत्रात प्रत्येक कागद कसला, सही कुणाची, हे यायला हवं. मग त्यावर निशाणी क्रमांक पडतो. इथे अनेकांची गफलत होते: निशाणी पडली म्हणजे त्यातला मजकूर खरा ठरला, असं नव्हे. चलनावरची सही आपल्यासमोर झाली, हे सांगणारा माणूस लागतो, आणि तो बहुतेक वेळा तुमचा टेम्पोवालाच असतो! त्याचा पत्ता, नंबर जपून ठेवा. बाकी मांडणी वकील बघतील.

उधारीच्या मालासाठी दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं. ती संपायच्या आत समोरच्याने बाकी मान्य असल्याचं लेखी, सहीनिशी दिलं, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. त्यामुळे दर ३१ मार्चला मोठ्या गिऱ्हाइकांकडून बाकी मान्य असल्याच्या पत्रावर सही घ्या, चहा पाजून का होईना.